अंगणात काँक्रीट घालण्याआधी

नमस्कार श्रोतेहो.

पाऊस ओसरला, दिवाळी झाली, की गावोगाव घरांची कामं निघतात. त्यात हल्ली पहिला नंबर अंगणाचा. चिखल नको, वाळवणाला जागा हवी, दारात गाडी लावायला हवी, म्हणून काँक्रीट. हौसेने घालतात, आणि दोन पावसाळे जात नाहीत तोच भेगा पडतात, एखादा कोपरा खचतो, पाणी थेट उंबऱ्याशी येऊन तुंबतं. मग सगळे सिमेंटला बोल लावतात. सिमेंटची चूक फार थोड्या ठिकाणी असते. काँक्रीटचं अंगण टिकतं ते चार गोष्टींवर. ढाळ, भराव, सांधे आणि पाणी. पुन्हा सांगतो, ढाळ, भराव, सांधे, पाणी. यातल्या तीन गोष्टी सिमेंटची गोणी दारात उतरण्याआधीच ठरतात.

हे मी ज्यांच्याकडून शिकलो, त्या मिस्त्रींची हकीकत आज सांगायचीच आहे.

माझ्या आत्याचं घर सांगली जिल्ह्यात, वाळवा तालुक्यात. कृष्णाकाठची काळीभोर जमीन. उसाला सोन्यासारखी, पण घरबांधणीला महाकठीण. पाणी लागलं की ही माती फुगते, उन्हाळ्यात आक्रसते आणि हात जाईल एवढी भेग पडते. आत्याच्या नातीचं लग्न दारातच करायचं ठरलं होतं. मांडवाआधी अंगण पक्कं व्हायला हवं, असा आत्याचा हुकूम सुटला.

शेजारच्या गावचे एक वयस्कर मिस्त्री आले. सोबत काय? प्लॅस्टिकची लांब पारदर्शक नळी आणि एक बादली. आम्हाला वाटलं, आता टेप काढून मापं घेतील, दर सांगतील. त्यांनी बादलीभर पाणी उंबऱ्यापाशी ओतलं आणि उकिडवे बसून ते कुठं जातंय हे बघत राहिले. पाणी थोडं पुढं गेलं आणि वळून भिंतीच्या कडेला आलं. मिस्त्री म्हणाले, "आक्का, तुमच्या पाण्याला घरात यायचंय. पयलं त्येची वाट बदलू." मग नळीत पाणी भरून त्यांनी भिंतीवर, खुंट्यांवर, कुंपणापर्यंत लेव्हलच्या खुणा केल्या. ढाळ घरापासून रस्त्याच्या गटाराकडे. सगळ्या खुणा झाल्यावरच चहाला हात लावला.

मग त्यांनी दोन प्रश्न विचारले. पहिला, "तुळस हलवायची का?" आत्या म्हणाली, "तुळस जिथल्या तिथं राहील." दुसरा प्रश्न आमच्या कुणाच्या डोक्यातही आला नव्हता. "मांडव कुठनं कुठवर घालणार?" आत्याने चालत चालत दाखवलं. मिस्त्रींनी प्रत्येक खांबाच्या जागी चुन्याचं बोट उठवलं.

खोदाई सुरू झाली. गुडघाभर काळी माती काढून बाहेर टाकली. माझा आतेभाऊ अस्वस्थ. "मिस्त्री, एवढी माती कशाला काढताय? वरनं चांगली सळई टाकू की." मिस्त्री खड्ड्यातूनच म्हणाले, "सळई वरचं धरंल दादा, खालचं कोण धरंल?" मग मुरूम आला. तो एकदम ओतू दिला नाही. वीतभर थर, पाणी, मग धुम्मस, म्हणजे जड ठोकणीने ठोकून घट्ट करणं. पुन्हा थर, पुन्हा पाणी, पुन्हा धुम्मस. टाच मारली तर खूण उमटू नये, इतका घट्ट भराव होईपर्यंत पुढचा थर नाही. चुन्याच्या खुणांवर चार इंची पाइपचे तुकडे खोल रोवून उभे केले, त्यांच्या तोंडात गोणपाटाचे बोळे कोंबले. तुळशीवृंदावनाभोवती थर्माकोलची पट्टी लावली, म्हणजे अंगण हललं तरी वृंदावनाला ओढ बसणार नाही.

काँक्रीटच्या दिवशीची गोष्ट तर मी कितीदा सांगितली असेल. मिक्सर फिरत होता. माल ओढायला जड जातो म्हणून एका पोराने पाइप ड्रममध्ये सोडला. मिस्त्रींनी लांबूनच तो आवाज ओळखला, येऊन पाइप बाजूला केला आणि मूठभर माल हातात घेऊन दाबला. मूठ उघडली. लाडू तसाच राहिला, तळहात ओला झाला, पण बोटांमधून एक थेंब गळला नाही. "एवढंच पाणी. ह्याच्यावर घातलंस तर ते सिमिट खाऊन वाऱ्यावर जातंय." अंगणाच्या चौकटी पाडल्या होत्या, त्या एक सोडून एक भरल्या, म्हणजे दोन चौकटींमध्ये सांधा राहतो. संध्याकाळी पृष्ठभागावर पाण्याची चमक आली. पोरं कोरडं सिमेंट भुरभुरून थापी मारायला टपलेली. मिस्त्रींनी कुणाला जवळ येऊ दिलं नाही. चमक आपोआप विरली, अंगठा दाबल्यावर ठसा जेमतेम उमटू लागला, तेव्हा ते गुडघ्याखाली फळी घेऊन बसले. रंधा फिरवला आणि शेवटी ढाळाला आडवा, हलक्या हाताने खराटा ओढला.

आत्या नाराज झाली. तिला आरशासारखं गुळगुळीत अंगण हवं होतं. मिस्त्री म्हणाले, "आक्का, पावसात कळशी घेऊन तुमीच ह्याच्यावरनं चालणार."

इथे मला एक बोलल्यावाचून राहवत नाही. अंगणात, पायऱ्यांवर चकचकीत टाइल बसवण्याची जी पद्धत पडली आहे, ती बंद व्हायला हवी. घरातलं म्हातारं माणूस ओल्या टाइलवरून पडतं, खुब्याचं हाड मोडतं आणि अंथरूण धरतं. आणि हो, नव्या बंगल्यांत दारापाशी पाय धुवायला नळ आणि दगड का ठेवत नाहीत? बाहेरून आलेलं माणूस आधी पाय धुणार, ही आपली किती चांगली रीत होती!

असो. दुसऱ्या दिवशी सकाळी चौकटींच्या कडेने मातीची बुटकी आळी बांधून पाणी भरलं. ते पाणी आटू न देण्याचं काम आत्याने स्वतःकडे घेतलं. पहाटे काकडा करून यायची आणि देवाआधी अंगणाला पाणी घालायची.

आणि लग्नाआधी मांडववाले आले. हातात पहारी. खांबांसाठी खड्डे पाडायला कोरं अंगण फोडणार म्हणून घरात सगळ्यांचे चेहरे उतरले. मिस्त्री पाहुणे म्हणून आले होते, पांढरं धोतर, गुलाबी पटका. ते वाकले, एकेका पाइपातला बोळा चिमटीने उपसून बाजूला ठेवला आणि म्हणाले, "सोडा हितं खांब." एकेक खांब खटकन आत बसला. एकाही पहारीचा घाव पडला नाही. आत्याने घरच्या मानकऱ्यांच्या रांगेत बसवून त्यांना आहेर केला. ते अंगण आजही आहे. त्यावर ज्वारीच्या राशी पडल्या, कुरडया वाळल्या, आणखी लग्नं झाली. भेग पडली ती सांध्याच्या रेषेतच, जिथे पडायला हवी तिथे.

आता आपल्या अंगणाचा हिशेब पटकन सांगतो.

समजा, अंगण 20 फूट बाय 15 फूट आहे आणि जाडी 4 इंच. म्हणजे बरोबर 100 घनफूट, एक ब्रास काँक्रीट. सिमेंट, वाळू, खडी यांचं प्रमाण एकास दीड, तीन. त्याला साधारण 23 गोण्या सिमेंट, 42 घनफूट वाळू आणि 84 घनफूट खडी लागते. थोडी नासधूस धरून जास्तच मागवा. क्रश सँड, म्हणजे दगड फोडून केलेली वाळू, चालते, फक्त तिच्यात भुकटी फार नको. पाणी 50 किलोच्या गोणीला 25 ते 30 लिटर, वाळू ओली असेल तर त्याहून कमी. बादलीने मोजून घाला. पुन्हा सांगतो, पाणी मोजून. पाइप सोडायचा नाही.

ढाळ दर 10 फुटांना किमान सव्वा इंच, दोन इंच असला तरी उत्तम. सांधे 8 ते 10 फुटांवर. एकसंध ओतलं असेल तर दुसऱ्या दिवसाच्या आत कटरने इंचभर खोल काप मारून घ्या. काँक्रीट सुकताना आकसतंच, त्याला फाटायची जागा आपण आखून द्यायची. घराच्या भिंतीला आणि तुळशीला लागून थर्माकोल किंवा डांबरी पट्टी ठेवा. झाडांच्या बुंध्याभोवती मात्र चांगली ऐसपैस माती मोकळी सोडा. कुंपणापासून कुंपणापर्यंत काँक्रीट ओतणारी माणसं मला कळतच नाहीत. विहिरीला पाणी यायचं कुठून? नारळानं प्यायचं काय?

कोकणात जांभ्याची कातळजमीन असेल तर खोदाई कमी लागते, पण पाऊस मोठा म्हणून ढाळाला सवलत नाही. मराठवाड्यात, विदर्भात काळी माती असेल तर आत्याच्या अंगणासारखीच ती आधी काढा, मग मुरूम. उन्हाळ्यात काम निघालं तर उन्हं उतरल्यावर ओता.

दारात चारचाकी येणार असेल तर जाडी 5 ते 6 इंच करा आणि सळईची जाळी घाला. ही जाळी जमिनीवर लोळत ठेवली तर काही उपयोग नाही. खाली कव्हरचे ठोकळे देऊन ती निम्म्या जाडीच्या थोडी वर उचलून धरा, आणि ओतताना कुणी तिच्यावर पाय देऊन ती खाली बसवत नाही ना, ते बघा. गाडी 28 दिवसांनंतरच चढवा.

आणि शेवटचं, पाणी मारण्याबद्दल. बाजारात हल्ली बहुतेक पीपीसी, म्हणजे राख मिसळलेलं सिमेंट मिळतं, त्याला कमीत कमी 10 दिवस, जमलं तर 14 दिवस अंगण सतत ओलं हवं. सकाळ-संध्याकाळ शिंपडून भागत नाही, मधल्या उन्हात ते कोरडं पडतं. आळी बांधा किंवा ओलं गोणपाट अंथरा. हे काम ठेकेदार घरमालकाचं समजतो आणि घरमालक ठेकेदाराचं. म्हणून दर ठरवतानाच, इसार देण्याआधी, पाणी कोण मारणार हे नाव घेऊन ठरवून टाका. नमस्कार.