चिपाडातून पॅकिंगचा ठोकळा: थर्माकोलच्या जागी अळंबीची बुरशी

नमस्कार मंडळी. हातातला हा ठोकळा बघा. पंपाचं कास्टिंग खोक्यात भरताना कोपऱ्यांना थर्माकोल लावतात, त्या जागी हा बसतो. यात मुख्यतः उसाचं चिपाड आणि धिंगरी अळंबीची बुरशी आहे. बुरशीचे पांढरे तंतू चिपाडात शिरतात आणि त्यालाच घट्ट बांधतात, वेगळा डिंक लागत नाही. अमेरिकेतली इकोव्हेटिव्ह कंपनी २००७ पासून यावर काम करतेय. आपल्याकडे बेळगाव जिल्ह्यात तर चिकोडीकडे ऊस आहे आणि बेळगावच्या उद्यमबाग औद्योगिक वसाहतीत पॅकिंग लागणारे कारखाने.

साच्यापासून सुरुवात करा, कारण इथंच बहुतेकांचं बिघडतं. बुरशीला हवा लागते. ठोकळा ५ सेंटिमीटरपेक्षा जाड झाला की बाहेरून छान पांढरा दिसतो, पण फोडला की आत तपकिरी, सुटा भुसा. २ सेंटिमीटरपेक्षा पातळ केला तर कडा तुटतात. म्हणून जाड कोपरा भरीव करू नका, आतून पोकळ ठेवा. साच्याच्या भिंतींना ३ ते ५ अंशांचा उतार द्या, नाहीतर माल सुटताना फाटतो.

आता चिपाड. गुऱ्हाळावरच्या ताज्या चिपाडात रस राहिलेला असतो आणि त्या साखरेवर आपल्या बुरशीआधी हिरवी बुरशी येते. गरम पाण्यानं दोनदा धुवा, उन्हात कडक वाळवा, ५ ते १५ मिलिमीटरचे तुकडे करा. बारीक भुकटी चाळून टाका, ती गच्च बसून हवा अडवते.

१ किलो कोरडं चिपाड, १०० ग्रॅम गव्हाचा कोंडा, अंदाजे १.९ लिटर पाणी. मूठ जोरात आवळली की दोन-चार थेंब पडावेत. धार लागली तर पाणी जास्त झालं, मग माल आंबूस वास मारणार. पॉलिप्रॉपिलीनच्या पिशवीत भरून तोंडाला कापसाचा बोळा लावा आणि प्रेशर कुकरमध्ये पूर्ण दाबावर दीड तास ठेवा. तळाला पाणी पुरेसं घाला, एवढ्या वेळात ते आटतं.

माल ३० अंशांखाली आल्याशिवाय स्पॉन, म्हणजे अळंबीचं बियाणं, घालू नका. गरम मालात ते मरतं. ३ किलो ओल्या मालाला ३०० ग्रॅम स्पॉन. अंधारात, २५ अंशांच्या आसपास, दोनेक आठवडे. बेळगावच्या थंडीत रात्री पारा उतरतो, तेव्हा वेळ जास्त लागतो. हिरवा ठिपका दिसला तर पिशवी न उघडता बाहेर काढा. तेवढाच भाग कापून उरलेलं वाचवायला जाऊ नका, बीजाणू खोलीभर होतात.

पिशवी पांढरी झाली की स्पिरिटनं पुसलेल्या हातमोज्यांनी माल चुरा, किलोमागे २० ग्रॅम गव्हाचं पीठ मिसळा आणि साच्यात कोपऱ्यांपर्यंत दाबून भरा. वर प्लास्टिक, त्याला सुईनं भोकं. चार-पाच दिवसांनी साच्यातून काढा, आणखी एक-दोन दिवस झाकून ठेवा म्हणजे वर मखमली साल धरते. अळंबी फुटायच्या आत वाळवायला घ्या.

वाळवण्यात घाई नको. खानापूरकडच्या पावसाळ्यात नुसत्या उन्हाच्या भरवशावर राहू नका. ८० ते ९० अंशांच्या भट्टीत ठेवा, दर तासाला वजन करा. वजन उतरायचं थांबलं, म्हणजे ओल्याच्या ३५ ते ४० टक्क्यांवर आलं, की बुरशी मेली आणि ठोकळा तयार. थोडा आकसतो, म्हणून साचा आधीच किंचित मोठा घ्या. ओल्या गोदामात मात्र हा ठेवू नका. पाणी पितो आणि मऊ पडतो.