चहाचे भाऊबंद किती?

(दृश्य : रावेर तालुक्यातील केळीची बाग. जानेवारीची पहाट. बांधावर तीन दगडांच्या चुलीवर चहाचे पातेले.)

घड कापण्याचे काम उजाडताच सुरू होते, आणि त्याआधी बांधावर चहा होतो. ज्या झुडपाच्या पानांपासून हा चहा झाला, ते खानदेशात कोठेही रानात उगवत नाही. उन्हाळ्यात पारा ४५ अंशांपलीकडे नेणारी इथली हवा, चुनखडीचा अंश असलेली काळी माती आणि वर्षातले आठ महिने टिकणारा कोरडेपणा त्याला मानवत नाही. त्याचे घर पूर्व हिमालयापासून म्यानमार, दक्षिण चीन आणि व्हिएतनाममार्गे जपानपर्यंत पसरलेल्या ओलसर डोंगरांत आहे. तिथे चहाचे अनेक रानटी भाऊबंदही राहतात. या सगळ्या गोतावळ्याला वनस्पतिशास्त्रात कॅमेलिया म्हणतात. त्यात नेमक्या किती जाती आहेत, या प्रश्नाचे उत्तर गेल्या शतकात तीन वेळा बदलले.

पुढे जाण्याआधी शब्दांचा एक खुलासा करायला हवा. मराठीत ‘प्रजाती’ हा शब्द काही लेखक मोठ्या गटासाठी वापरतात, तर काही त्यातल्या एकेका घटकासाठी. गोंधळ टाळण्यासाठी या निवेदनात मोठ्या गटाला वंश आणि घटकाला जात म्हटले आहे. कॅमेलिया हा वंश आहे आणि चहा ही त्यातली एक जात.

(दृश्य : जुन्या ग्रंथातील कॅमेलियाचे रेखाचित्र.)

कॅमेलिया हे नाव ज्यांच्यावरून आले, त्या गेओर्ग योझेफ कामेल यांचा या झाडाशी काहीही संबंध नव्हता. मोराव्हियातील ब्रनो येथे जन्मलेले हे जेझुइट धर्मसेवक मनिला येथे औषधी वनस्पतींचा अभ्यास करत होते. जपानमधील या झाडाचे वर्णन एंगेलबर्ट केंफर यांनी १७१२ मध्ये ‘त्सुबाकी’ या जपानी नावासह छापले. तरीही स्वीडिश वनस्पतिशास्त्रज्ञ लिनियस यांनी वंशाला नाव दिले ते कामेल यांचे. आपल्याकडच्या झाडांचेही असेच झाले आहे. सातपुड्याच्या पायथ्याचा अंजन शास्त्रात ‘हार्डविकिया’ आहे, आणि तो थॉमस हार्डविक या लष्करी अधिकाऱ्याच्या नावाने ओळखला जातो. गुरांना अंजनाचा पाला घालणाऱ्या कोणाला हे ठाऊक असण्याचे कारण नाही.

लिनियस यांनी १७५३ मध्ये चहासाठी ‘थिया’ आणि शोभेच्या फुलासाठी ‘कॅमेलिया’ असे दोन वंश ठेवले. पुढे १७६२ मध्ये त्यांनी चहाच्याही दोन जाती केल्या. काळा चहा ज्यापासून होतो ती एक आणि हिरवा चहा ज्यापासून होतो ती दुसरी, अशी ती विभागणी होती. एकाच झुडपाच्या पानांपासून, केवळ प्रक्रिया बदलून, दोन्ही चहा होतात, हे स्कॉटिश वनस्पती-संग्राहक रॉबर्ट फॉर्च्यून यांनी १८४० च्या दशकात चीनमध्ये प्रत्यक्ष पाहिले, तेव्हा त्या दोन जाती कोलमडल्या. केळीच्या बाबतीतही लिनियस यांनी ‘मुसा पॅराडिसियाका’ आणि ‘मुसा सेपियंटम’ अशा दोन जाती मानल्या होत्या. त्या मुळी जातीच नव्हेत, तर दोन रानकेळींचे संकर आहेत, हे विसाव्या शतकाच्या मध्यावर सिद्ध झाले. जिला आपण बसराई म्हणतो तिलाच आसामात जहाजी म्हणतात. नावे दोन असली म्हणून केळी दोन होत नाहीत, हे रावेरच्या शेतकऱ्याला वेगळे समजावून सांगावे लागत नाही.

थिया आणि कॅमेलिया हे दोन्ही वंश एकच आहेत, हे मान्य झाल्यावर कोणते नाव ठेवायचे असा पेच आला. नामकरणाचा मूळ नियम असा की जे नाव आधी प्रसिद्ध झाले ते टिकते. होळीच्या सुमारास सातपुडा पेटवणाऱ्या पळसाला जुन्या भारतीय पुस्तकांत ‘ब्यूटिया फ्रॉन्डोसा’ लिहिलेले सापडते आणि आज ‘ब्यूटिया मोनोस्पर्मा’ लिहितात, ते याच नियमामुळे, कारण मोनोस्पर्मा हे विशेषण १७८३ चे, म्हणजे आधीचे आहे. थियाचे प्रकरण मात्र अधिक नाजूक होते. लिनियस यांच्या ग्रंथाचा पहिला खंड मे १७५३ मध्ये आणि दुसरा ऑगस्टमध्ये निघाला. थिया पहिल्या खंडात आहे आणि कॅमेलिया दुसऱ्यात. नियमावलीने दोन्ही खंड १ मे १७५३ रोजीच प्रसिद्ध झाले असे मानायचे ठरवले, त्यामुळे दोन्ही नावे एका वयाची ठरली. अशा वेळी दोन वंश प्रथम एकत्र करणाऱ्याची निवड चालते, आणि रॉबर्ट स्वीट यांनी १८१८ मध्ये कॅमेलिया हे नाव निवडले होते. म्हणून १८८७ मध्ये ओटो कुंट्से यांनी दिलेले ‘कॅमेलिया सायनेन्सिस’ हेच आपल्या चहाचे आजचे नाव आहे.

या निर्णयामुळे आसामातील एका जुन्या चुकीला गमतीदार वळण मिळते. रॉबर्ट ब्रूस यांना १८२३ मध्ये सिंगफो लोकांच्या प्रदेशात रानटी चहा असल्याचे कळले. तिथली पाने कलकत्त्याच्या वनस्पती उद्यानात नॅथॅनियल वॉलिच यांच्याकडे गेली, तेव्हा हा खरा चहा नसून कॅमेलिया आहे असे त्यांचे मत पडले. अखेर १८३४ मध्ये, चहाचे झुडूप उत्तर आसामात मूळचेच आहे, असे सरकारी समितीने जाहीर केले. वॉलिच यांचे उत्तर त्या काळी चुकीचे होते, पण आजच्या नियमाने ते शब्दशः बरोबर आहे! आसामच्या या मोठ्या पानांच्या चहाला १८४४ मध्ये स्वतंत्र जातीचा दर्जा मिळाला होता. आता बहुतेक अभ्यासक त्याला चिनी चहाचाच एक प्रकार मानतात.

(दृश्य : हर्बेरियम म्हणजे वाळवलेल्या वनस्पतींच्या संग्रहालयातील कपाटे, कागदावर चिकटवलेल्या वाळलेल्या फांद्या.)

आता आकड्यांकडे वळू. लंडनच्या क्यू वनस्पती उद्यानातील रॉबर्ट सिली यांनी १९५८ मध्ये या वंशाचा पहिला सर्वांगीण आढावा प्रसिद्ध केला आणि ८२ जाती मान्य केल्या. त्या वर्षांत दक्षिण चीनचे डोंगर परदेशी अभ्यासकांना जवळजवळ बंद होते. ग्वांगझू येथील चांग हुंग-ता यांना तो प्रदेश खुला होता, आणि त्यांनी १९९८ पर्यंत हा आकडा २८० वर नेला. लगेच २००० मध्ये कुनमिंगचे मिंग त्यानलू यांनी तोच वंश पुन्हा तपासून ११९ जाती ठेवल्या. दोन वर्षांत दीडशेहून अधिक जाती काही रानातून नाहीशा झाल्या नव्हत्या.

वाद लक्षणांचा होता. कॅमेलियाची जात ठरवताना कळीखालची छदे (लहान पानांसारखे खवले) व निदले (फुलाची बाहेरची हिरवी दले) वेगळी ओळखू येतात का, फुलाला देठ आहे का, पुंकेसर तळाशी किती जुळलेले आहेत, बीजांडकोशावर लव आहे का, असे प्रश्न विचारतात. चांग यांनी पाकळ्यांची संख्या, लव आणि पानांचा आकार यांतल्या लहान फरकांनाही जातीची सीमा मानले. मिंग यांनी तेच फरक एका जातीच्या पोटातले धरले. निवेदकाच्या मते मिंग यांचा कल अधिक समंजस आहे, कारण एकाच टेकडीवरच्या दोन झाडांतही लव कमीअधिक असते. मात्र, चांग यांनी नोंदवलेले नमुने नसते तर मिंग यांना तुलना करायला फारसे काही उरले नसते.

झाडेही या कामात सहकार्य करत नाहीत. कॅमेलियाच्या जातींचा एकमेकींशी सहज संकर होतो. शिवाय गुणसूत्रांचे मूळ माप १५ असले तरी त्याच्या पटी वाढत जातात. साध्या जातीत ३० गुणसूत्रे, म्हणजे १५ चे दोन संच असतात, तर जपानच्या सासान्क्वा या जातीत ९०. युन्नानमधील ‘रेटिक्युलाटा’ या एकाच नावाखाली ३०, ६० आणि ९० गुणसूत्रांची झाडे सापडतात. त्यांना एक म्हणावे की तीन, हे केवळ पाहून सांगता येत नाही.

पिवळ्या कॅमेलियाची कथा याहून गुंतागुंतीची आहे. वंशातील बहुतेक फुले पांढरी, गुलाबी किंवा लाल असतात, त्यामुळे चीनच्या ग्वांग्शी प्रांतातील सोनेरी फुलाने मोठे कुतूहल निर्माण केले. त्याला १९४८ मध्ये ‘नितिदिस्सिमा’ आणि १९६५ मध्ये, आधीच्या नावाची दखल न घेता, ‘क्रायसान्था’ अशी नावे मिळाली. पुढे चीनच्या वनस्पतिकोशाने ही दोन्ही नावे व्हिएतनाममधील ‘पेटेलोटी’ या जातीत सामावून घेतली. बागवाले मात्र अजूनही जुन्या नावांनीच रोपे विकतात.

याच्या अगदी उलट उदाहरण हाँगकाँगचे आहे. ताई मो शान डोंगरावर १९५५ मध्ये मोठ्या पांढऱ्या फुलांचे एकच झाड सापडले. कौलांसारखी एकावर एक बसलेली आणि गळून न पडणारी त्याची छदे पाहून सिली यांनी पुढच्याच वर्षी त्याला ‘ग्रँथामियाना’ हे नाव दिले. एका झाडावर जात उभारणे धाडसाचे असते, पण इथे ते टिकले, कारण पुढे ग्वांगडोंगमध्येही अशी झाडे सापडली.

नवी जात मान्य होण्यासाठी एक वाळवलेला नमुना कायमचा प्रमाण म्हणून हर्बेरियममध्ये ठेवावा लागतो आणि वर्णन प्रसिद्ध करावे लागते. ते वर्णन २०११ अखेरपर्यंत लॅटिनमध्ये देणे सक्तीचे होते. आता इंग्रजीही चालते. व्हिएतनाममधून अलीकडे अनेक नवी नावे आली आहेत. डीएनए तपासणीने जुन्या उपगटांपैकी काही मोडीत काढले आहेत, परंतु हरितलवकांतील (पेशीतल्या हिरव्या कणांतील) डीएनए बहुधा केवळ मातेकडून येत असल्याने संकराची अर्धी हकिकत त्यातून सुटते.

(दृश्य : धुक्यातील डोंगरउतार, फांदीला बांधलेली क्रमांकाची पट्टी.)

त्यामुळे शेवटी पुन्हा झाडापाशीच जावे लागते. अनेक जातींचे फूल हिवाळ्यात येते आणि फळ पुढच्या पावसाळ्यानंतर पिकते. ओळख पक्की करण्यासाठी दोन्ही लागतात. म्हणून संग्राहक फुलाची फांदी कापून घेतो, झाडाला क्रमांकाची पट्टी बांधतो आणि फळासाठी ऑक्टोबरात त्याच उतारावर पुन्हा चढतो.