पिशवीतले कागद

सकाळचे साडेआठ वाजले आहेत. गोव्यातील वाळपईच्या बाजाराजवळचा हा दवाखाना नऊ वाजता उघडतो. परंतु व्हरांड्यातल्या लाकडी बाकावर आताच सात माणसे आणि दोन पिशव्या बसल्या आहेत. पिशव्यांचे धनी समोरच्या हॉटेलात पातळभाजी-पाव खायला गेले असून, त्यांचा नंबर कोणी घेणार नाही, याची त्यांना खात्री आहे.

या बाकावरच्या माणसांशी आम्ही अनेक दिवस बोललो. औषधांचा गुण क्वचितच कोणी वाखाणला. बहुतेकांना आठवत होते ते डॉक्टरांनी विचारलेले प्रश्न. एप्रिलमध्ये तापाने फणफणत आलेल्या एका बागायतदाराला डॉक्टरांनी आधी विचारले, की काजूच्या बागेत किती दिवस जात आहात आणि आसपास माकडे मरून पडलेली दिसली का. वाळपई ज्या सत्तरी तालुक्यात आहे, तिथे हा प्रश्न उगाच विचारला जात नाही. 1957 साली कर्नाटकातील शिमोग्याच्या क्यासनूर जंगलात प्रथम ओळखला गेलेला माकडताप 2015 मध्ये याच तालुक्यातील पाली गावात आढळला. तो गोचिडींमार्फत पसरतो, त्यावर नेमके मारक औषध नाही, आणि म्हणूनच रक्ततपासणी वेळेवर होणे व रुग्णावर लक्ष ठेवणे महत्त्वाचे ठरते. बागायतदाराचा ताप साधाच निघाला. प्रश्न मात्र त्यांच्या मनात राहिला.

दुसऱ्या एका बाईंनी चक्कर येण्याची हकिकत सांगितली. त्या डॉक्टरांना कोकणीत ‘घुंवळ येता’ एवढेच म्हणाल्या होत्या. घर गरगर फिरते, की उठताना डोळ्यांपुढे अंधारी येते, हे डॉक्टरांनी खोदून विचारले. कारण पहिल्या प्रकारात दोष बहुधा कानाच्या आतल्या भागात असतो, तर दुसऱ्यात उभे राहताच उतरणाऱ्या रक्तदाबात. रुग्ण कोकणीत बोलतो, चिठ्ठी इंग्रजीत लिहिली जाते आणि घरी वर्तमानपत्र मराठीत वाचले जाते, अशा या मुलखात निम्मे निदान शब्दांच्या उकलीतच होत असावे.

मधुमेहाच्या रुग्णांची या डॉक्टरांपुढे लबाडी चालत नाही. तपासणीआधी दोन दिवस गोड सोडले, की उपाशीपोटीची साखर बरी दिसते. पण एचबीएवनसी ही चाचणी साधारण तीन महिन्यांची सरासरी सांगते, कारण तांबड्या पेशी सुमारे 120 दिवस जगतात आणि तेवढ्या काळातली साखर त्यांना चिकटून राहते. चतुर्थीनंतर आलेला अहवाल पाहून डॉक्टर एका आजोबांना म्हणाले, ‘नेवऱ्या (करंज्या) कागदावर उतरल्या आहेत.’ हे सांगताना आजोबाच अधिक हसत होते.

तक्रारीही आहेत. दोन तास बसावे आणि आत पाच मिनिटेही मिळू नयेत, हे अनेकांना खुपते. सरकारी आरोग्य केंद्रात फी नसली, तरी बदल्यांमुळे डॉक्टरांची ओळख होईपर्यंत ते निघून जातात. 2016 पासूनची दीनदयाळ स्वास्थ्य सेवा योजना तीन जणांपर्यंतच्या कुटुंबाला अडीच लाखांचे आणि त्याहून मोठ्या कुटुंबाला चार लाखांचे संरक्षण देते खरे, पण ते रुग्णालयातील ठरावीक उपचारांसाठी. या बाकावरची फी खिशातूनच जाते.

एका आजींची तक्रार मात्र निराळी होती, आणि आम्हाला ती सर्वांत गंभीर वाटली. डॉक्टर स्वतः आजारी पडल्याने दवाखाना दोन महिने बंद होता, तेव्हा त्या दुसरीकडे गेल्या. कोणते औषध सोसत नाही, असे तिथे विचारल्यावर त्यांनी ‘ती पांढरी गोळी’ एवढेच सांगितले. पिशवीतले वीस वर्षांचे सगळे कागद टेबलावर ओतले गेले; परंतु सल्फाच्या गोळीने अंगभर पुरळ उठल्याची नोंद एकाही कागदावर नव्हती. ती फक्त आपल्या डॉक्टरांच्या डोक्यात होती. नव्या डॉक्टरांनी सावधपणे दुसरे औषध दिले, म्हणून निभावले.

दवाखाना पुन्हा उघडल्यावर आजींनी पहिल्याच दिवशी डॉक्टरांना हे सुनावले. त्यांनी ऐकून घेतले, तांबडे पेन मागवले आणि आजींच्या फाईलच्या पुठ्ठ्यावर ठळक अक्षरांत इंग्रजीत लिहिले, ‘सल्फा देऊ नये’. आजींच्या आग्रहावरून तेच त्यांनी खाली मराठीत पुन्हा लिहिले, ते तेवढे ठळक नाही. आजी ती ओळ आता बाकावर शेजारी बसणाऱ्या प्रत्येकाला दाखवतात आणि विचारतात, ‘तुमच्या कागदावर काय लिहिले आहे?’