जुनं वॉलेट अपडेट करू नका, रिकामं करा

मंडळी, पत्रिकेत विषय छापलाय तो ‘जुन्या वॉलेटमधले बिटकॉइन नव्या वॉलेटमध्ये कसे हलवावेत’ असा. ते सांगणारच आहे. पण त्याआधी एक गोष्ट बोलायची आहे, कारण तिच्याशिवाय नुसत्या पायऱ्या सांगितल्या तर तुम्ही घरी जाऊन नेमकं चुकीच्या ठिकाणी बोट ठेवाल. ब्लॉकचेन म्हणजे काय इथपासून सुरुवात करत नाही. सभागृहात बसलेल्यांपैकी बऱ्याच जणांनी कधी ना कधी थोडं बिटकॉइन घेतलेलं आहे आणि ते कुठल्या तरी कपाटातल्या लॅपटॉपवर नाहीतर स्क्रीन फुटलेल्या फोनमध्ये पडून आहे, हे मला चेहऱ्यांवरूनच कळतंय.

माझं म्हणणं एवढंच आहे. जुनं वॉलेट अपडेट करायचं नसतं, ते रिकामं करायचं असतं. वॉलेट म्हणजे बिटकॉइन खर्च करायला लागणाऱ्या किल्ल्या, म्हणजे गुप्त आकडे, सांभाळणारं सॉफ्टवेअर. नव्या वॉलेटमध्ये नव्या किल्ल्या तयार करायच्या आणि बिटकॉइन तिकडे पाठवायचे. जुन्या किल्ल्या, किंवा ज्यांच्यापासून त्या किल्ल्या परत तयार होतात ते जुने बारा शब्द उचलून नव्या अ‍ॅपमध्ये टाकायचे नाहीत. टाकले तर नवं अ‍ॅप छान दिसतं, आकडाही दिसतो, आणि माणूस निर्धास्त होतो. प्रत्यक्षात त्याने घर बदललं आणि नव्या दाराला जुनंच कुलूप लावलं, ज्याच्या किल्ल्या कुणाकुणाकडे आहेत ते त्यालाच ठाऊक नाही.

आपल्याकडे ही जुनी वॉलेटं इतकी का साठली, यालाही कारण आहे. ६ एप्रिल २०१८ ला रिझर्व्ह बँकेने परिपत्रक काढलं आणि बँकांना सांगितलं, क्रिप्टोच्या व्यवहारांना सेवा देणं तीन महिन्यांत बंद करा. तेव्हा पुण्या-मुंबईतल्या कितीतरी मुलांनी एक्स्चेंजवरचे, म्हणजे खरेदी-विक्रीच्या साइटवरचे, बिटकॉइन घाईघाईने फोनमधल्या अ‍ॅपवर काढून घेतले. ४ मार्च २०२० ला सर्वोच्च न्यायालयाने ते परिपत्रक रद्द केलं, पण तोवर कुणी नोकरी बदलली होती, कुणी फोन, कुणी देश. मला भेटलेल्या एका मुलाचं अ‍ॅप तर स्टोअरमधूनच नाहीसं झालं होतं. ते बनवणाऱ्यांनी बंद करताना एक ईमेल पाठवला होता, तोही त्याच्या कॉलेजच्या पत्त्यावर, जो पत्ता कॉलेज सुटल्यावर बंद झाला. लोकांचे पैसे ज्या किल्ल्यांवर उभे आहेत ते सॉफ्टवेअर बंद करताना एक ईमेल पुरेसा वाटतो, याचा मला मनापासून राग येतो. आणि हे एकदा घडलेलं नाही. पुन्हा पुन्हा घडतं.

आता नाशिकरोडच्या काकूंची गोष्ट सांगतो. थोडी लांबेल, पण सगळा विषय तिच्यात आहे. काका करन्सी नोट प्रेसमध्ये नोकरीला होते. हसा, हसा, काकूही हे सांगताना हसायच्या. आयुष्यभर नोटा छापल्या आणि बिटकॉइनची गोडी लागली! २०१३ मध्ये त्यांनी लॅपटॉपवर मल्टिबिट नावाचं वॉलेट घेतलं. तेव्हा ते खूप चालायचं. बिटकॉइनचं मूळ सॉफ्टवेअर संपूर्ण ब्लॉकचेन, म्हणजे सगळ्या व्यवहारांची सार्वजनिक नोंदवही, उतरवून घ्यायचं, त्यात दिवस जायचे. मल्टिबिट मात्र काही मिनिटांत तयार. पुढे २०१६ मध्ये ते किपकी कंपनीने घेतलं आणि जुलै २०१७ मध्ये जाहीर केलं की यापुढे आम्ही ते सांभाळणार नाही, वापरकर्त्यांनी दुसरीकडे जावं. काकांना हे कळलं की नाही, कोण जाणे. ते गेले, आणि लॅपटॉप काकूंच्या कपाटात राहिला.

मुलगा जर्मनीत. त्याने फोनवर सांगितलं, ‘आई, त्याचं नवीन व्हर्जन डाउनलोड कर, मग उघडेल.’ प्रेमाने सांगितलं, पण यापेक्षा धोक्याचा सल्ला नाही. बंद पडलेल्या सॉफ्टवेअरचं नवीन व्हर्जन कोण काढणार? शेजारच्या मुलाने शोधलं तर एक साइट सापडली: ‘तुमची की फाइल (किल्ल्यांची फाइल) इथे अपलोड करा, आम्ही रूपांतर करून देतो.’ फाइल निवडूनही झाली होती. काकूंनीच त्याचा हात धरला. म्हणाल्या, ‘यांनी ती फाइल कुणाला द्यायची नाही म्हणून डायरीत लाल शाईने लिहिलंय रे.’ त्या लाल शाईने सगळं वाचवलं.

मी गेलो तेव्हा पहिलं काम काय केलं, तर मल्टिबिट उघडलंच नाही. आधी ती की फाइल आणि तिचं सगळं फोल्डर दोन पेनड्राइव्हवर उतरवून घेतलं. एक पेनड्राइव्ह काकूंच्या हातात दिला, एक माझ्याकडे. मग डायरीतला एक बिटकॉइनचा पत्ता, खाते क्रमांकासारखा असतो तो, घेऊन, माझ्या फोनवरून, ब्लॉकचेन दाखवणाऱ्या एका सार्वजनिक साइटवर टाकला. त्याला किल्ली लागत नाही, पासवर्ड लागत नाही. बिटकॉइन तिथेच होते, २०१३ पासून कुणी हात लावलेला नाही. काकू देव पाण्यात घालून बसल्या होत्या, त्यांना निदान श्वास घेता आला. हे आधी करा म्हणून मी सगळ्यांना सांगतो, कारण घाबरलेला माणूस कुठेही क्लिक करतो.

मग मल्टिबिट उघडलं. खालच्या पट्टीत ‘कनेक्टिंग’ येऊन अडकलं, ते अडकलंच. शिल्लक दिसत होती ती शेवटचं कधी जोडलं गेलं होतं त्या दिवशीची. आम्हाला त्याच्याकडून पाठवायचं काम करून घ्यायचंच नव्हतं. इंटरनेट काढून टाकलं आणि किल्ल्या बाहेर काढायचा पर्याय वापरला. पासवर्ड डायरीत होता. जी साधी मजकुराची फाइल निघते तिच्या पहिल्याच ओळीत इंग्रजी मोठ्या अक्षरांत लिहिलेलं असतं, तुमच्या खाजगी किल्ल्या जपून ठेवा. त्याखाली प्रत्येक ओळीत एक किल्ली आणि तिच्यापुढे ती तयार झाल्याची तारीख आणि वेळ.

काकूंनी चष्मा पुढे ओढून ती तारीख वाचली. ९ नोव्हेंबर २०१३. ‘भाऊबीज झाल्यावरचा शनिवार,’ त्या लगेच म्हणाल्या. मग वेळ वाचली: १६:४०. ‘छे, पावणेपाचला? शनिवारी त्या वेळेला हे घरात नसायचेच, मंडईत असायचे.’ मी म्हटलं, काकू, ही ग्रिनिचची वेळ आहे, साडेपाच तास मिळवा. रात्रीचे दहा वाजून दहा मिनिटं. ‘मग बरोबर,’ त्या म्हणाल्या, ‘जेवणं झाली की बसायचे.’ त्या दोन मिनिटं तो आकडा बघत राहिल्या. मी थांबलो. घाई कसली?

त्या दिवशी रात्री मुलाचा व्हिडिओ कॉल. त्याचं म्हणणं, किल्ल्या मिळाल्यात ना, मग नव्या अ‍ॅपमध्ये इम्पोर्ट करा, झालं. मी म्हटलं नाही, स्वीप करायचं. तासभर आमचा वाद चालला. इम्पोर्टमध्ये तीच किल्ली नव्या अ‍ॅपमध्ये येऊन बसते. स्वीपमध्ये जुन्या किल्लीने सही करून सगळी रक्कम नव्या पत्त्यावर पाठवली जाते आणि जुन्या किल्लीखाली काही उरत नाही. तो लॅपटॉप या वर्षांत दुरुस्तीच्या दुकानात जाऊन आला होता, त्यावर भाच्याने गेम टाकले होते. ती फाइल कुणी उतरवून घेतली नसेल याची खात्री कोण देणार?

आणि हे फक्त काकूंपुरतं नाही. इलेक्ट्रम हे २०११ पासूनचं, चांगलं, आजही वापरात असलेलं वॉलेट. डिसेंबर २०१८ मध्ये चोरांनी स्वतःचे सर्व्हर उभे केले. कुणाचं इलेक्ट्रम त्यातल्या एखाद्या सर्व्हरला जोडलं गेलं आणि त्याने पैसे पाठवायचं बटण दाबलं, की सर्व्हर उत्तर द्यायचा: तुमचं व्हर्जन जुनं आहे, इथून नवीन घ्या. इलेक्ट्रमची तेव्हाची व्हर्जन्स सर्व्हरचा संदेश जसाच्या तसा खिडकीत दाखवायची. त्यामुळे माणसाला वाटायचं, माझं वॉलेटच मला सांगतंय. तो लिंकवरून बनावट इलेक्ट्रम घ्यायचा आणि पैसे जायचे. पुढच्या व्हर्जन्समध्ये ते भोक बुजवलं. पण कपाटात पडलेल्या लॅपटॉपवरचं जुनं व्हर्जन कोण बुजवणार? ऑगस्ट २०२० मध्ये एकाने गिटहबवर, सॉफ्टवेअर बनवणाऱ्यांच्या साइटवर, लिहिलं की २०१७ पासून हात न लावलेले १,४०० बिटकॉइन त्याने जुन्या इलेक्ट्रमवरून हलवायचा प्रयत्न केला, अपडेटचा संदेश आला, त्याने अपडेट केलं, आणि सगळे गेले. त्या दिवसाच्या भावाने सुमारे १ कोटी ६० लाख डॉलर. हा मनुष्य निष्काळजी नव्हता. अपडेट करा, हा सल्ला आपण सगळेच एकमेकांना देतो.

दुसरी बाजू अजून वाईट आहे. काही जुन्या किल्ल्या जन्मतःच कच्च्या आहेत. २०११ ते २०१५ च्या काळात ब्राउझरमध्ये तयार झालेल्या अनेक वॉलेटांचे यादृच्छिक आकडे पुरेसे यादृच्छिक नव्हते. हे नोव्हेंबर २०२३ मध्ये ‘रँडस्टॉर्म’ नावाने उघड झालं. त्याच वर्षी ऑगस्टमध्ये ‘मिल्क सॅड’ प्रकरण निघालं. लिबबिटकॉइन नावाच्या सॉफ्टवेअरच्या एका आज्ञेने काढलेले शब्द दिसायला नेहमीसारखेच, पण त्यामागे फक्त ३२ बिट. म्हणजे साधारण ४२९ कोटी शक्यता. आपल्याला हा आकडा प्रचंड वाटतो, कॉम्प्युटर तो चाळून काढतो. एकदा कच्चा आकडा पडला की वरचं अ‍ॅप कितीही नवं घ्या, किल्ली कच्चीच राहते. म्हणून मी ‘रिकामं करा’ म्हणतो आणि त्या मुलाशी तासभर वाद घालतो.

अध्यक्षांची चिठ्ठी आली, दहा मिनिटं राहिलीत. विषय तर आता सुरू होतोय. भराभर सांगतो, लिहून घ्या.

सुरुवात प्रतीपासून. फाइल असेल तर तिची प्रत, कागदावरचे शब्द असतील तर ते फोटो न काढता दुसऱ्या कागदावर. त्यानंतर नवं वॉलेट. रक्कम मोठी असेल तर हार्डवेअर वॉलेट, म्हणजे किल्ल्या सांभाळणारं वेगळं छोटं उपकरण, घ्या, थेट बनवणाऱ्याकडून, सेकंडहँड कधीही नाही. नवे शब्द कागदावर उतरवा, वॉलेट पुसून टाका, आणि त्या कागदावरून परत उभं करा. हे पैसे यायच्या आधी. पैसे आल्यावर कुणी हे करत नाही.

जुने शब्द नव्या अ‍ॅपमध्ये घालून शून्य दिसलं तर रडू नका. बारा शब्द सगळीकडे सारखे चालत नाहीत. बहुतेक वॉलेटं २,०४८ शब्दांच्या एकाच यादीवर चालतात, पण इलेक्ट्रमची पद्धत स्वतःची, आणि त्याच्या फार जुन्या आवृत्त्यांची यादी १,६२६ शब्दांची होती. शिवाय शब्द तेच असले तरी त्यांच्यापासून पत्ते काढायचा मार्ग वेगळा असू शकतो: १ ने सुरू होणाऱ्या पत्त्यांचा एक, ३ वाल्यांचा दुसरा, ‘बीसी१’ वाल्यांचा तिसरा. शब्द ज्या सॉफ्टवेअरने दिले त्याचं अधिकृत व्हर्जन घ्या, तेही त्याच्या मूळ साइटवरून, साइटचा पत्ता स्वतः टाइप करून आणि फाइलवरची बनवणाऱ्यांची डिजिटल सही तपासून. जुन्या अ‍ॅपने दाखवलेल्या लिंकवरून काहीही घेऊ नका. आणि शून्य बघून घाबरून पाच-सहा साइटवर शब्द टाकत सुटू नका, तिथेच घात होतो.

आता पाठवण्याच्या शुल्काबद्दल. शुल्क रकमेवर नसतं, व्यवहाराच्या आकारावर असतं. पूर्वी थोडेथोडे करून जमा झालेले बिटकॉइन म्हणजे सुटे तुकडे. जुन्या पद्धतीच्या पत्त्यावरचा प्रत्येक तुकडा व्यवहारात सुमारे १४८ बाइट घेतो, ‘बीसी१क्यू’ पत्त्यावरचा सुमारे ६८. जुनी वॉलेटं शुल्काचा अंदाज त्या काळातला धरतात आणि व्यवहार लटकतो. म्हणून शुल्क नव्या सॉफ्टवेअरमध्ये ठरवा. शनिवार-रविवारी गर्दी बहुधा कमी असते.

पाठवताना आधी लहान रक्कम. पत्ता कॉपी-पेस्ट केल्यावर पहिली आणि शेवटची चारच अक्षरं बघून थांबू नका, मधलीही बघा. कॉपी केलेला पत्ता बदलणारे व्हायरस आहेत, आणि दोन्ही टोकं जुळवून बनवलेले पत्तेही आहेत. लहान रक्कम पोचली की नव्या वॉलेटमधून तिच्यातली थोडी बाहेर पाठवून बघा, खर्च करता येते ना ते कळतं. मग उरलेली सगळी.

१ ऑगस्ट २०१७ पूर्वीचे बिटकॉइन असतील तर त्याच किल्ल्यांवर बिटकॉइन कॅश, म्हणजे त्या दिवशी बिटकॉइनमधून फुटून निघालेलं वेगळं चलन, हेही आहे. क्रम उलटा करू नका. आधी बिटकॉइन हलवा, व्यवहार पक्का होऊ द्या, मगच ती किल्ली दुसऱ्या सॉफ्टवेअरला दाखवा. इथर या दुसऱ्या क्रिप्टो चलनावाल्यांसाठी एकच सूचना: इथरच्या नेटवर्कवरची इतर नाणी, म्हणजे टोकन, हलवायला त्याच पत्त्यावर थोडं इथर लागतं, नाहीतर टोकन दिसतात आणि हलत नाहीत.

कर. १ एप्रिल २०२२ पासून विक्रीच्या नफ्यावर ३० टक्के कर आहे आणि त्यातून फक्त खरेदीची किंमत वजा होते. स्वतःच्या एका पत्त्यावरून स्वतःच्याच दुसऱ्या पत्त्यावर पाठवणं ही विक्री नव्हे, पण उद्या तुमच्या सीएला ते दाखवता आलं पाहिजे. व्यवहाराचा क्रमांक, तारीख, दोन्ही पत्ते त्याच दिवशी वहीत लिहा. जुनी फाइल रिकामी झाली तरी फेकू नका, मूळ खरेदीचा तोच पुरावा असतो, आणि जुन्या पत्त्यावर कुणीतरी चुकून पुन्हा पैसे पाठवतंच.

वेळ संपली. प्रश्न बाहेर व्हरांड्यात घेतो. दोघातिघांनी पिशवीतून जुने लॅपटॉप आणलेले दिसतायत. ते इथे सुरू करू नका, आणि इथल्या वाय-फायला तर अजिबात जोडू नका. कुठलं सॉफ्टवेअर आहे आणि साधारण कुठल्या वर्षीचं, एवढं चिठ्ठीवर लिहून द्या. आधी त्याची प्रत कशी काढायची ते ठरवू.