आधी हळकुंड मोडून बघा

(सांगलीतल्या एका व्याख्यानमालेत एका फिजिशियन डॉक्टरांनी केलेल्या भाषणाचं संपादित शब्दांकन)

नमस्कार. पत्रिकेत विषय छापलाय, 'वजन कमी करण्याची शस्त्रक्रिया : कुठली आणि कोणासाठी?' आधीच सांगते, मी सर्जन नाही. सर्जन दोन तासांत ऑपरेशन करून मोकळे होतात, त्यानंतरची वीस वर्षं ज्यांच्या दारात पेशंट येतो त्यांपैकी मी एक. त्यामुळे सुरी कशी चालवतात ते माझ्याकडून ऐकू नका. सुरी चालल्यावर काय होतं ते मी सांगू शकते. आणि हो, भाषणानंतर चहाबरोबर भडंग आहे असं मला आत्ताच कळलं. विषय ठरवणारे आणि खाणं ठरवणारे वेगळे असावेत.

विषय मला सुचला तो घरातूनच. माझे थोरले दीर, म्हणजे आमचे भाऊजी. त्यांची परवानगी घेतलीय, ते तिसऱ्या रांगेत बसलेत. तर भाऊजींची मार्केट यार्डात हळदीची अडत. त्यांना सौद्याच्या वेळी बघण्यासारखं असतं. राजापुरी हळदीचं पोतं समोर आलं की आत मूठ घालणार, तळातलं एक हळकुंड वर काढणार आणि कट्‌दिशी मोडणार. आतला रंग बघायचा, वास घ्यायचा. मोडतानाच्या आवाजावरून ओल किती राहिलीय ते सांगतात. वरच्या पॉलिशला हा माणूस चाळीस वर्षांत कधी भुललेला नाही.

या माणसानं स्वतःच्या पोटाचं ऑपरेशन कसं निवडलं ते ऐका. इचलकरंजीत एक लग्न होतं. पंगतीत शेजारी त्यांचा चुलत मेहुणा. आधी यांच्याइतकाच गोल, आता पट्ट्याला नवीन भोकं पाडून आलेला. भाऊजींनी विचारलं, "काय केलंस?" तो म्हणाला, "स्लीव्ह." भाऊजी म्हणाले, "मग मला पण तेच." संपलं. हळकुंड मोडणं नाही, वास घेणं नाही. मठ्ठ्याचा दुसरा ग्लास यायच्या आत सौदा तुटला.

मला कळलं तारीख ठरल्यावर. घरात डॉक्टर असली की तिची किंमत तापाची गोळी सांगण्यापुरती. मी म्हटलं, "भाऊजी, मला विचारायचं तरी." तर म्हणाले, "डॉक्टरीणबाई, तुम्ही नको म्हणाला असता." मी नको म्हणाले नसते, हेच तर माझं दुखणं आहे! ११८ किलो वजन, उंची पाच फूट सहा इंच, बीएमआय, म्हणजे उंचीच्या मानानं वजन किती ते सांगणारा आकडा, बेचाळीसच्या घरात. बारा वर्षांचा मधुमेह, दोन वेळचं इन्सुलिन. घोरणं असं की जाऊबाई उन्हाळ्यात गच्चीवर झोपायच्या आणि तिथंही ऐकू यायचं. अशा माणसाला ऑपरेशनची गरज होतीच. मी एवढंच म्हटलं असतं, की कुठलं करायचं ते तुमचा मेहुणा नाही ठरवणार.

आता दृश्य दुसरं. ते हॉस्पिटल कुठलं ते सांगणार नाही, इथलं नाही एवढंच. एक मुलगी फॉर्म भरून घेतेय. साखर? आहे. बीपी? आहे. ॲसिडिटी? भाऊजी म्हणाले, "नाही." शर्टाच्या खिशात त्या क्षणी इनोच्या दोन पुड्या होत्या, हळदीच्या बोटांनी पिवळ्या झालेल्या. चौदा वर्षं रोज रात्री अर्धा ग्लास पाणी, त्यात पुडी, ते फस्स होतंय तोवर गटागट. घरात काडेपेटी असावी तसा इनोचा खोका असायचा. मी नंतर विचारलं, खोटं का सांगितलं? तर खरोखरच्या आश्चर्यानं म्हणाले, "ते काय आजारात मोडतंय व्हय?"

आणि पॅकेजमध्ये एण्डोस्कोपी नव्हती. म्हणजे दुर्बीण आत घालून अन्ननलिका आणि जठर कुणी बघितलंच नाही. हळकुंड कुणी मोडलंच नाही.

इथं थोडं थांबून स्लीव्ह म्हणजे काय ते सांगते. स्लीव्ह म्हणजे बाही. जठर म्हणजे लवचिक पिशवी. तिचा बाहेरचा फुगीर भाग, साधारण ७५ ते ८० टक्के, स्टेपलरनं कापून कायमचा काढून टाकतात. उरते केळ्याच्या आकाराची नळी. भुकेचा निरोप मेंदूला देणारं घ्रेलिन नावाचं हार्मोन मुख्यतः त्या काढलेल्या भागात तयार होतं, म्हणून नुसती जागाच कमी होत नाही, भूकही कमी होते. आतड्याला हात लावत नाहीत, ऑपरेशन तुलनेनं सुटसुटीत. पण नळी अरुंद, खालचा दरवाजा शाबूत, म्हणजे आत दाब जास्त. हा दाब वरच्या बाजूला जातो. ज्याची वरची झडप आधीच सैल आहे त्याची अन्ननलिका मग रोज रात्री आम्लात भिजते.

भाऊजींचं पहिलं वर्ष सोन्याचं गेलं. वजन ८४. इन्सुलिन बंद. यार्डात पेढे वाटले, स्वतः अर्धा खाल्ला. तिसऱ्या वर्षी रात्रीचा खोकला सुरू झाला. कुणी म्हणालं हळदीची धूळ, कुणी म्हणालं टीबी. बेडका दोनदा तपासला. मग एक दिवस मी त्यांच्या खोलीत गेले तर खाटेच्या उशाकडच्या पायांखाली दोन-दोन विटा. माणूस उतारावर झोपत होता आणि सकाळी पायथ्याशी घसरलेला सापडत होता. जाऊबाई म्हणाल्या, "रात्री दोनदा वर ओढते मी ह्यांना." तेव्हा पहिल्यांदा दुर्बीण झाली. अन्ननलिका लाल, जखमा झालेल्या. चौथ्या वर्षी दुसरं ऑपरेशन, स्लीव्हचा बायपास. बायपास म्हणजे काय ते पुढं सांगते. एकदा कापलेल्या, चिकटलेल्या ठिकाणी पुन्हा काम करणं सर्जनला अवघड आणि पेशंटला धोक्याचं. जे पहिल्यांदाच करायला हवं होतं ते दुप्पट खर्चात, दुप्पट जोखमीत झालं.

मला स्लीव्हवर राग नाही हो. राग आहे तो 'त्यानं केलं तेच मला' यावर. साडी घेताना शेजारणीचीच घेत नाही आपण, मुद्दाम वेगळी घेतो.

बायपासचा उगम सांगायचा मोह होतोय. आपल्या शेजारी मिरजेत डॉ. वॉनलेसनी १८९४ साली मिशन हॉस्पिटल सुरू केलं, तेव्हापासून या भागाला पोटाच्या ऑपरेशनचं नवल नाही. माझ्या लहानपणी अल्सरसाठी अर्धं जठर काढलेली माणसं गल्लीत असायची. ती पुन्हा कधी अंगानं भरायची नाहीत, घरचे म्हणायचे, "ऑपरेशन मानवलं नाही." अमेरिकेत आयोवाला एडवर्ड मेसन नावाच्या सर्जनला हेच दिसलं. पण त्यांनी उलटा विचार केला: बारीक माणसाचा हा तोटा जाड माणसाचा फायदा का नसावा? १९६६ साली त्यांनी आणि इटो यांनी पहिला गॅस्ट्रिक बायपास केला. सगळ्यांनी हळहळायची गोष्ट, एकानं... चिठ्ठी आली. अध्यक्ष म्हणतात बारा मिनिटं उरली. मला वाटलं होतं अर्धा तास आहे. दोष भाऊजींचा.

बरं, भराभर. बायपासमध्ये जठराचा वरचा अंड्याएवढा भाग वेगळा करतात आणि लहान आतडं कापून वर आणून त्याला जोडतात. उरलेलं जठर आणि ड्युओडेनम, म्हणजे लहान आतड्याचा पहिला भाग, आतच राहतं, पण अन्न तिथून जात नाही. पाझरलेलं आम्लही वर यायला वाट उरत नाही, म्हणून ॲसिडिटीवाल्याला हे बरं. फिनलंडमध्ये २४० पेशंटची वाटणी करून दोन्ही ऑपरेशनं केली आणि दहा वर्षं पाठपुरावा केला. जादा वजनापैकी बायपासमध्ये सुमारे ५१ टक्के उतरलं, स्लीव्हमध्ये सुमारे ४४. फरक आहे, पण आभाळ-जमिनीचा नाही. अन्ननलिकेची सूज मात्र स्लीव्हवाल्यांत ३१ टक्के आणि बायपासवाल्यांत ७ टक्के. लोक विचारतात किती किलो उतरतील. मी म्हणते, हा दुसरा आकडा आधी विचारा.

मधुमेहाचंही तसंच. अमेरिकेतल्या स्टॅम्पीड अभ्यासात पाच वर्षांनी एचबीए१सी, म्हणजे तीनेक महिन्यांची सरासरी साखर सांगणारी तपासणी, सहा किंवा त्याखाली राहिलेले पेशंट : बायपास २९ टक्के, स्लीव्ह २३, नुसती औषधं ५. म्हणजे ऑपरेशन औषधापेक्षा पुष्कळ पुढं, पण 'साखर कायमची गेली' असं छापणाऱ्या पत्रकावर विश्वास ठेवू नका.

मग सगळ्यांनी बायपासच करायचा का? नाही. गुडघेदुखीसाठी रोज वेदनाशामक गोळ्या खाणाऱ्या आजी, सिगारेट न सुटणारे काका, यांना बायपासच्या जोडावर अल्सर होतो, कधी फुटतोसुद्धा. लोह, कॅल्शियम जिथं शोषलं जातं तोच रस्ता आपण टाळलेला असतो. बी-१२चंही गणित बिघडतं. आपल्याकडं, विशेषतः जैन आणि इतर शाकाहारी घरांत, बी-१२ आधीच तळाला असतं. पर्युषणाचे उपवास करणाऱ्या एका बाईंनी मला विचारलं, "उपवासात गोळी चालते का?" मी म्हटलं, ते महाराजांना विचारा, पण ऑपरेशनच्या आधी विचारा. गोळ्या-इंजेक्शनं जन्मभर घ्यायची, दरवर्षी रक्त तपासायचं, रोज साठ ग्रॅम तरी प्रथिनं पोटात जायला हवीत. घास चार, त्यात भाकरी आधी गेली तर डाळीला जागा नाही.

आणि बायपासवाल्यांनी एक गोष्ट घरात भिंतीवर लिहून ठेवावी. वजन उतरल्यावर आतड्याच्या पडद्यातली चरबीही आटते आणि जोडाजवळच्या फटी मोठ्या होतात. त्यात आतडं अडकू शकतं. चौथ्या-पाचव्या वर्षी रात्री पोटात कळ आली तर गॅस म्हणून ओवा खाऊन झोपू नका. सीटी स्कॅन लागतो, सर्जन लागतो. गावातल्या डॉक्टरला कळायला हवं म्हणून ऑपरेशनचं कार्ड पाकिटात ठेवा. 'पोटाचं केलंय' एवढं सांगून भागत नाही.

मिनी बायपास म्हणजे एकाच जोडाचा. सोपा, परिणाम चांगला, पण पित्त वर येण्याची शक्यता राहते. ड्युओडेनल स्विच सगळ्यात जोरकस, अन्न शोषणंच फार कमी. पथ्यपाणी काटेकोर नसेल तर कुपोषण. बॅण्ड, म्हणजे जठराभोवतीचा पट्टा, आता मागे पडला. सरकतो, रुततो, बरेच काढावे लागले. जठरात ठेवायचा फुगा सहा महिने ते वर्षभर, कायमचा इलाज नाही. आणि वजन उतरवायची ती इंजेक्शनं, मौंजारो, वेगोव्ही, २०२५पासून आपल्याकडं आलीत. चांगली आहेत, पण थांबवली की बहुतेकांचं वजन परत येतं, हे घेण्याआधी माहीत हवं.

कोणाला करायचं, त्याचा आकडा. १९९१ पासून बीएमआय ४०, किंवा आजार असेल तर ३५, असा नियम होता. २०२२ साली तो खाली आला आणि आशियाई लोकांसाठी २७.५ पासून विचार करा असं म्हटलं गेलं. का? पुण्याचे डॉ. याज्ञिक आणि ब्रिटनचे डॉ. युडकिन यांचा एक फोटो लॅन्सेट या वैद्यकीय नियतकालिकात २००४ साली आला. दोघांचा बीएमआय २२.३. अंगातली चरबी युडकिनांची ९.१ टक्के, याज्ञिकांची २१.२. आपण बारीक दिसूनही आतून तुपकट. विमा कंपन्या मात्र अजून ४० आणि ३५ वरच आहेत, तेव्हा सही करायच्या आधी पॉलिसी वाचा.

दुसरी चिठ्ठी. ही अध्यक्षांची नाही, प्रश्न आहे : 'बायपासनंतर थोडी चालते का?' खाली नाव नाही. बायपासनंतर दारू रक्तात झटकन चढते, जास्त चढते, आणि आधी व्यसन नसलेल्यांनाही लागण्याचा धोका वाढतो. स्लीव्हवाल्यांनीही सांभाळून. म्हणजे 'थोडी' हे माप आता जुनं राहात नाही. बाकी भाऊजी, अक्षर मी ओळखलं.