पायाखालून वाहून चाललेलं गाव: चिविता दि बान्योरेजो

नमस्कार मंडळी! माझ्या मागे त्या सुळक्यावर घरांची दाटी दिसतेय ना, ते चिविता दि बान्योरेजो. इटलीत, रोमच्या उत्तरेला. ओर्व्हिएतोहून बसने येता येतं. लगेच पुलावर पळू नका. आधी इथे, कठड्यापाशी थांबा. गावात शिरलं की गाव दिसतं, पण ते कशावर उभं आहे ते इथूनच कळतं.

वरचा तो पिवळट-तपकिरी थर बघा. तो टफ, म्हणजे ज्वालामुखीची राख घट्ट होऊन झालेला दगड. त्याच्या खाली आहे करडी चिकणमाती. पावसाने माती वाहून जाते, वरचा दगड अधांतरी राहतो आणि कधीतरी कड्याचा तुकडा घरासकट दरीत जातो. आपल्याला गडाखाली काळा कातळ बघायची सवय, त्यामुळे हे जरा पचायला जडच! 1695 च्या भूकंपानंतर बरेचसे लोक या शेजारच्या बान्योरेजोत राहायला आले. आता चिवितात बारमाही राहणारी माणसं बोटांवर मोजण्याइतकी उरलीत.

चला, निघू. आधीचा पूल दुसऱ्या महायुद्धात उडवला गेला. हा 1965 चा, जेमतेम 300 मीटर, फक्त पायी. 2013 पासून तिकीट आहे. शेवटचा चढ दम काढतो बरं का. आजी-आजोबा सोबत असतील तर सावकाश.

ही वेस. कातळातून जाणारी ही वाट एट्रुस्कन, म्हणजे रोमनांच्या आधी इथे नांदणाऱ्या लोकांनी सुमारे अडीच हजार वर्षांपूर्वी कोरली. वर ते दगडी सिंह, आणि त्यांच्या पंजात माणसाची मुंडकी! मोनाल्देस्की घराण्याचा जाच गावकऱ्यांनी मोडून काढला, त्याची ही खूण असं सांगतात.

आत आल्यावर एक वाडा दिसेल. दर्शनी भिंत झकास, खिडक्याही शाबूत. पण खिडकीतून डोकावलं तर पलीकडे खोली नाही, आभाळ! बाकीचा वाडा कधीच दरीत गेलाय. मला विचाराल तर सगळ्या गावात बघण्यासारखी जागा हीच. सेंट बोनाव्हेंचर या तेराव्या शतकातल्या मोठ्या ख्रिस्ती विद्वानाचं घरही असंच कड्यावरून गेलं.

चौकात फरसबंदी नाही, साधी खडी. जून आणि सप्टेंबरमध्ये इथे गाढवांची शर्यत होते. समोर सान दोनातोचं चर्च, आत लाकडी क्रूस. बघून घ्या, पण कॅफेत बसून दिवस घालवू नका. आलेमान्नी वाड्यात दरडींचं छोटं संग्रहालय आहे, तिथे जा. मघाशी कठड्यावरून जे बघितलं, ते तिथे नीट उलगडतं.

आणि हो, दुपारी बारापर्यंत पूल पार गजबजतो. सकाळच्या पहिल्या बसने या. दरीत धुकं असेल तर खालची माती झाकलेली असते आणि गाव नुसतं हवेत तरंगताना दिसतं.