पोलिम: कोलंबो, २०२२

(पडद्यावर: फोनवर घेतलेला, किंचित हलणारा व्हिडिओ. पहाटेचा रस्ता. फुटपाथला लागून गॅसचे सिलिंडर.)

हा व्हिडिओ मे २०२२ मधला आहे. ठिकाण देहिवल, कोलंबोच्या दक्षिणेला अगदी खेटून असलेलं उपनगर. पहाटेचे साडेचार वाजलेत. माणसं घरी झोपायला गेली आहेत आणि त्यांच्या जागी सिलिंडर उभे आहेत, कुणी उचलून नेऊ नयेत म्हणून एकाच साखळीत ओवलेले. डावीकडून सातवा, ज्याला लाल चिंधी बांधली आहे, तो आमचा.

सिंहलीत रांगेला पोलिम म्हणतात. त्या वर्षी, श्रीलंकेच्या आर्थिक संकटात, हाच शब्द मी सर्वांत जास्त ऐकला. पेट्रोलची पोलिम, गॅसची पोलिम, रॉकेलची, दूधपावडरची. कुणी दोन दिवस दिसलं नाही की लोक एवढंच विचारायचे, कुठल्या पोलिमेत आहे?

मी सांगलीची. नोकरीसाठी २०१९च्या अखेरीस इथे आले. खालच्या मजल्यावर घरमालकीण आंटी राहायच्या, निवृत्त शिक्षिका. त्या मला 'दुवे' म्हणायच्या. दुव म्हणजे मुलगी, आपल्या संस्कृतातल्या दुहितेचंच रूप. घरासमोर थ्रीव्हील उभी असायची. रिक्षाला इथे थ्रीव्हील म्हणतात. तिच्या चालकाला मी मल्ली म्हणायचे, म्हणजे धाकटा भाऊ, आणि तो मला अक्का. हा शब्द तर घरचाच.

(पडद्यावर: गॅलरीत उभारलेली छोटी गुढी.)

२ एप्रिल, गुढीपाडवा. आदल्या रात्री देशात आणीबाणी जाहीर झाली होती. त्याच्या आदल्या रात्री, ३१ मार्चला, राष्ट्राध्यक्ष गोटाबाय राजपक्षे यांच्या मिरिहानातल्या घरासमोर लोक निदर्शनं करायला जमले होते. त्या आठवड्यात दिवसातले तेरा तेरा तास वीज नसायची. सकाळी मी गुढी उभारली. कडुनिंब मिळाला, हरभऱ्याची डाळ मिळाली नाही, म्हणून पुरण राहिलं. संध्याकाळी सहाला संचारबंदी लागली, ती थेट सोमवारी सकाळपर्यंत. रविवारी फेसबुक, व्हॉट्सअ‍ॅप सगळं बंद. सांगलीत आईला काही कळेना. दुपारनंतर फोन सुरू झाला, तेव्हा ती पहिल्यांदा रागावली आणि मग रडली.

बारा दिवसांनी सिंहली आणि तमिळ नववर्ष आलं. आंटींच्या रीतीप्रमाणे ठरलेल्या मुहूर्ताला चूल पेटवायची आणि दूध उतू जाऊ द्यायचं. मुहूर्ताला ते नेकत म्हणतात, म्हणजे नक्षत्र. गॅस नव्हता. मागच्या अंगणात तीन विटा मांडल्या, नारळाच्या झावळ्या पेटवल्या, मातीच्या बोळक्यातलं दूध उतू गेलं. नारळाच्या दुधातला किरिबत, म्हणजे दूधभात, त्या दिवशी धुरकट लागला. मी दोनदा मागून खाल्ला.

(पडद्यावर: विनिमय दराचा फलक.)

दोनच दिवस आधी, १२ एप्रिलला, सरकारने परदेशी कर्जाची परतफेड थांबवली होती. देणं सुमारे ५१ अब्ज डॉलरचं. २०१९ मध्ये कर कमी केले, ईस्टरच्या स्फोटांनी आणि मग कोविडने पर्यटक घालवले, २०२१ मध्ये रासायनिक खतांवर अचानक बंदी आणून शेती खचवली. तिजोरीत डॉलर उरले नाहीत, आणि तेल, गॅस, औषधं तर डॉलरनेच यायची.

एक गोष्ट सांगितल्याशिवाय हे निवेदन खरं होणार नाही. माझा पगार डॉलरच्या हिशोबाने व्हायचा. मार्चच्या सुरुवातीला डॉलरला दोनशेच्या आसपास श्रीलंकन रुपये मिळायचे, मे महिन्यात तीनशे साठ. महागाई वाढत होती तरी माझं भागत होतं. आंटींचं पेन्शन होतं तेवढंच होतं. भाडं वाढवून देते म्हटलं तर त्यांनी घेतलं नाही. रक्तदाबाच्या गोळ्या मात्र घेतल्या. इथल्या दुकानांत त्या संपल्या होत्या. आईने सांगलीत विकत घेतल्या आणि चेन्नईहून येणाऱ्या सहकाऱ्याबरोबर पाठवल्या.

तो सातवा सिलिंडर चौथ्या दिवशी भरून मिळाला. मग तीन घरांनी मिळून एकच शेगडी चालवली. सकाळी आंटींचं परिप्पु, म्हणजे मसुरीची डाळ, एका मोठ्या पातेल्यात. दुपारी मल्लीच्या बायकोचा भात. रात्री माझ्या पोळ्या. वीज गेली की खालून हाक यायची, "लाइट गियाद?" मी वरून म्हणायचे, "गेली!" दोघींनाही भाषांतर लागत नसे.

रांगेत मला कुणी परकी म्हणून वागवलं नाही. उलट इंडियाहून डिझेलचं जहाज आलं की लोक माझे आभार मानायचे, जणू ते मीच आणलं होतं. मला फार अवघडल्यासारखं व्हायचं. त्याच रांगांमध्ये उन्हात उभी राहून वयस्कर माणसं दगावली होती.

(पडद्यावर: रिकामा गॉल रोड. सायकली.)

२७ जूनला सरकारने जाहीर केलं की अत्यावश्यक सेवा सोडून कुणालाच इंधन मिळणार नाही. मल्लीने त्याआधी दोन रात्री पंपाबाहेर थ्रीव्हीलमध्येच झोपून काढल्या होत्या. मोकळ्या टाकीनिशी तो गाडी ढकलत परत आला. ऑफिसने मला तिकीट देऊ केलं. आई फोनवर म्हणाली, "बाळा, येऊन जा की घरी. तिथं काय ठेवलंय?" मी ते तिकीट दोनदा पुढे ढकललं. शूर म्हणून नव्हे. बॅग भरताना आंटी दारात उभ्या राहिल्या असत्या, ते मला बघवलं नसतं.

९ जुलैला किनाऱ्याच्या रुळांवरून गाड्या आंदोलनासाठी शहराकडे गेल्या, दारांत झेंडे धरून लटकलेली माणसं घेऊन. मल्ली पायी गेला. मी गेले नाही. परदेशी माणसाचा व्हिसा अशा वेळी कच्चा धागा असतो. मी फाटकाशी पाण्याची कळशी घेऊन उभी राहिले आणि जाणाऱ्यांना पाणी दिलं. त्या दिवशी लोक राष्ट्राध्यक्षांच्या निवासात शिरले. १३ तारखेला राष्ट्राध्यक्ष मालदीवला निघून गेले.

(पडद्यावर: गॉल फेसचं मैदान. पतंग.)

ऑगस्टमध्ये इंधनाच्या वाटपासाठी क्यूआर कोड आला. थ्रीव्हीलला आठवड्याला पाच लिटर. मल्लीने पहिल्याच आठवड्यात आंटींना आणि मला बसवलं आणि गॉल फेसला नेलं. एप्रिलपासून आंदोलकांचं 'गोटागोगामा' इथेच होतं. 'गोटा गो' म्हणजे गोटाबाय, चालते व्हा; गामा म्हणजे गाव. त्या गावात वाचनालय होतं, स्वयंपाकघर होतं, रमजानमध्ये रोजे सोडायला सगळे एकत्र बसायचे. आता पोरं पतंग उडवत होती.

मल्लीने तीन इस्सो वडे घेतले. वर अख्खी कोळंबी लावलेला डाळीचा वडा. पैसे मला देऊ दिले नाहीत. आंटींनी कोळंबी काढून माझ्या वड्यावर ठेवली. परत निघताना मल्लीने टाकीवर टिचकी मारली आणि कान देऊन ऐकलं.

"तीन लिटर आहे, अक्का," तो म्हणाला. "अजून कुठे जायचंय?"